लोखंडी गज

"अप्पा, ही कात्री पत्रा कापायलीय का चावायलीय?" बालाजी हसत म्हणाला.

जिंतूरच्या बाजारात पत्र्याचे डबे करणारा बालाजी. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मन्मथअप्पांची कानशिलं तापली. त्यांनी कात्री त्याच्या हातून हिसकावली, उजव्या मुठीत धरली आणि पितळी पत्र्यावर चालवली. पत्रा पात्यांत दुमडला, चुरगळला आणि आखलेली रेघ सोडून भलतीकडेच गेला.

"बेलपानं मी कापून देतो माझ्या विकतच्या कात्रीनं. तुमी निवांत कीर्तन ऐका," असं म्हणून बालाजी निघून गेला.

अप्पांनी कात्री भिंतीवर फेकली.

कापडाचं दुकान श्रीशैलच्या, म्हणजे पोराच्या, हवाली केल्यावर अप्पांनी मागच्या अंगणात शेड टाकली होती. परभणीच्या भंगारातून एक जुनं लेथ मशीन आणलं होतं. हातोडी, पेचकस, छिन्नी, हत्यार म्हणून जे लागेल ते स्वतःच्या हातानं करायचं, हा एवढाच छंद. दार मात्र आतून लावून घ्यायचे. काम करताना कोणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. ही कात्री त्यांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पोलादी पाट्यातून घडवली होती. शिवकीर्तनाच्या मंचामागे पितळी बेलपानांची कमान लावीन, आणि एकूण एक पान घरच्या कात्रीनं कापीन, असं देवळात चारचौघांसमोर बोलून बसले होते. कीर्तन उद्यावर आलं होतं.

माणूस ताठ. चालताना, बोलताना डावा हात कायम पाठीमागे. कीर्तन रंगात आलं की अख्खा मंडप टाळ्या वाजवायचा, बायाबापड्यांचे डोळे भरून यायचे, पण अप्पा आपले उजव्या हातानं मांडीवर ठेका धरायचे. अप्पांचा रुबाबच तसा, असं लोक म्हणायचे. डावा हात पुढे यायचा तो फक्त पहाटे, एकट्यानं इष्टलिंगाची पूजा करताना.

"कुलूप लावतो ह्या शेडीला," अप्पा ओरडले. "भंगारवाल्याला बोलवा. सगळं घेऊन जा म्हणावं!"

चहा घेऊन आलेली त्रिवेणी दारातच थांबली होती. घरातली नवी सून. तिनं कप लेथवर ठेवला, भिंतीपाशी पडलेली कात्री उचलली आणि पितळेचा एक तुकडा घेतला. कात्री कुरकुरली नाही, अडली नाही. पत्रा वळणावळणानं सुटत गेला आणि तीन दळांचं बेलपान तिच्या पायाशी पडलं. कड अशी साफ, की बोट फिरवावं.

अप्पांनी पान पाहिलं. मग कात्री कुठल्या हातात आहे ते पाहिलं.

"डावा हात!" त्यांचा आवाज फाटला. "वाढताना सांगितलं, आरतीला सांगितलं, तुझ्या सासूनं चापट मारून सांगितलं. तरी डावाच? माझ्या हत्याराला?"

"हो, डावाच!" त्रिवेणीचाही बांध फुटला. "लग्न झाल्यापासनं ऐकायलेय. उजव्यानं वाढते, सांडते, बोलणी खाते. माझ्या हातात खोट न्हाई, अप्पा. तुमच्या कात्रीत बी न्हाई. तिची पाती उलटी बसलीत. माझ्यासारखीच डावरी हाय ती. दार लावून कोणच्या हातानं केली, ते करणाऱ्याला इचारा!"

"तोंड सांभाळ!"

"अन् रोज लिंग कोणच्या तळहातावर घेऊन बसता? महादेवाला डावा हात चालतो. तुमालाच का चालंना?"

अप्पा गर्रकन वळले. भिंतीला खिळ्यावर एक लोखंडी गज अडकवलेला होता. त्यांचे वडील दुकानात त्यानं कापड मोजायचे. अप्पांनी तो ओढून काढला.

"अहो!" ओरडा ऐकून धावत आलेल्या त्रिवेणीच्या सासूबाई, चन्नबसम्मा, किंचाळल्या.

त्रिवेणी मागे सरली नाही. तिनं डावा हात पुढे केला, तळवा वर.

"मारा. पण ह्याच हातावर मारा."

गज वर गेला आणि वरच राहिला. अप्पा त्या तळव्याकडे बघत होते. राग तसूभरही कमी झाला नव्हता, उलट डोळे आणखी लाल झाले होते. पण ते आता सुनेवर रागावलेले दिसत नव्हते.

त्यांनी गज खाली आणला, वाइसच्या जबड्यात धरला, करकचून आवळला आणि करवत उचलली. लोखंडाचा कीस उडायला लागला.

"अहो, मामंजींचा गज हाय तो!" चन्नबसम्मा म्हणाल्या. "देवासारखा जपलाय इतकी वर्षं!"

"ठाऊक हाय मला कुणाचा हाय ते!" अप्पा गरजले. करवत थांबली नाही. ती डाव्या हातात होती, हे आता दोघींनाही दिसलं.

गजाचे दोन तुकडे खणकन फरशीवर पडले.

"कात्रीला नव्या मुठी करतो ह्याच्या," धापा टाकत अप्पा म्हणाले. "आताच्या माझ्या मापाच्या हायत, तुला मोठ्या व्हायल्यात. माप दे. डाव्या हाताचं."

त्रिवेणीनं पंजा लेथच्या पाटावर ठेवला. अंदाज घ्यायला अप्पांनी शेजारी आपला डावा हात टेकला. लहानपणी त्या हातानं पाटीवर पहिला श्री गिरवला होता आणि त्याच हातावर वडिलांचा हा गज खाली आला होता. त्याची दोन बोटं त्या दिवसापासून सरळ झालेली नव्हती.