भातावरचे पांढरे तंतू

कासवबेटापाशी समुद्राच्या तळातून उकळतं, गंधकाचं पाणी उसळतं. तिथल्या खडकांवर जिवाणूंचे पांढरे तंतू माजतात. माझा नवरा हिओंग तिथेच बुडाला. वर आला तो फक्त बुडी मारताना त्याच्या कमरेला बांधलेला दोर, त्याच तंतूंनी माखलेला.

सासूबाई त्याच्या फोटोपुढे रोज वाफाळता भात ठेवतात. मेलेल्यांसाठी रोवतात तशा जेवायच्या काड्या त्यात उभ्या रोवतात. घटकाभरात भातावर तेच तंतू उगवतात. घरभर गंधकाचा वास सुटतो.

"बघ, जेवतोय माझा लेक!"

आज मी म्हटलं, "आई, मी माहेरी जाते."

"जा की, अवदसे. दोन घास खाऊन जा. त्याला एकट्याला घास उतरत नाही."

आणि त्यांनी माझ्या वाडग्यात काड्या उभ्या रोवल्या.

त्या उपटायला मी हात पुढे केला. भात स्वच्छ होता. तंतू माझ्या नखांखालून निघत होते.