एका कार्डावर दोघं

"हो पुढे, मी आहे मागे," म्हणत अप्पा दातारांनी कार्ड टेकवलं. टिंग झालं, गिरगाव मेट्रोचं फाटक उघडलं आणि त्यांनी नलूताईंना पाठीला हात लावून आत सरकवलं. मग तेच कार्ड स्वतःसाठी टेकवलं. फाटक ढिम्म हललं नाही. पुन्हा टेकवलं. लाल दिवा. शर्टाला पुसून टेकवलं. पुन्हा लाल.

"आजोबा, एका कार्डावर एकच माणूस," फाटकापाशी उभी असलेली सिक्युरिटीवाली बाई म्हणाली. "मॅडमची एन्ट्री झाली ना त्याच्यावर. तुम्ही तिकीट काढून या."

"म्हणजे काय! बसमध्ये कंडक्टरला 'दोन' म्हटलं की दोन मिळतात!"

"ही बस नाय, आजोबा."

अप्पांची पाचावर धारण बसली. तिकिटाच्या खिडकीपुढची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. रविवार ना, जो तो पोराबाळांना घेऊन मेट्रो दाखवायला आलेला. आणि तिकडे अकराला दादरच्या हॉलमध्ये नलूताईंची फायनल होती. कॅरमची, ज्येष्ठ महिला गटाची. नाव पुकारल्यावर खेळाडू हजर नसेल, तर सामना समोरचीला बहाल. गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. ऐन फायनलच्या सकाळी अप्पांना सणसणून ताप भरला, नलूताईंना न्यायला दुसरं कोणी नव्हतं, आणि परळच्या कुणा बाईंनी एकही सोंगटी न मारता कप घरी नेला.

न्यायला कोणी लागायचंच. कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत नलूताई एकट्या, त्यापलीकडे अप्पांबरोबर, असा नियमच होता. तो कोणी केला, कधी केला, देव जाणे. तिकिटं अप्पांच्या खिशात, पास अप्पांच्या पाकिटात. त्यात दुष्टपणा नव्हता बरं का. उलट भारी अभिमान होता. "आमच्या हिला आजवर एकदाही तिकिटासाठी हात पुढे करावा लागला नाही," हे त्यांनी चाळीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की समोरचे मुकादम ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे.

आता ती फाटकाच्या आत आणि ते बाहेर. नलूताईंच्या मुठीत स्ट्रायकरची मखमली पिशवी होती.

"अगं, तिथेच थांब! हलू नकोस!" अप्पा ओरडले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की ती थांबली तर यंदाही सामना गेला. "नाही, थांबू नकोस, जा तू! पण जाशील कशी गं? सिद्धिविनायक गेलं की लगेच दादर. उतरशील ना? बाहेर पडायलासुद्धा हेच लागतं म्हणे, हे घे, जपून ठेव." त्यांनी फाटकावरून कार्ड पुढे केलं.

मागचे लोक "काका, साइडला व्हा ना" म्हणू लागले होते.

नलूताईंनी कार्ड घेऊन पर्समध्ये टाकलं. त्याच पर्समधून दुसरं कार्ड काढलं. कोपरे घासलेलं, वर गणपतीचा बारकासा स्टिकर. ते त्यांनी फाटकावरून अप्पांच्या हातात दिलं.

"हे माझं. लावा आणि या पटकन आत."

अप्पा कार्डाकडे बघतच राहिले. "तुझं? तू कधी काढलंस?"

"तुमचा ताप उतरला ना, त्याच आठवड्यात. दुपारी तुम्ही घोरत असता तेव्हा दादरच्या क्लबात खेळायला जाते. बसलाही हेच चालतं. आधी बसने जायचे, आता मेट्रोने."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"बोलायला वेळ दिलात? ढकललंत की आत! आणि म्हटलं, मला न्यायची एवढी हौस आहे तुम्हाला, आज मोठा दिवस आहे, तर नेऊ दे."

अप्पांनी कार्ड टेकवलं. टिंग. फाटक उघडलं.

सरकत्या जिन्यावर ते दोन पायऱ्या मागेच उभे राहिले. लागलं होतं त्यांना, खोटं कशाला बोला! घरातल्या घरात एवढं घडलं आणि आपल्याला पत्ता नाही. मग गेल्या वर्षीची ती सकाळ आठवली. ही दिवसभर त्यांच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. फायनलचा शब्दही काढला नव्हता. तिला तेवढंसं वाटलं नसेल, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. आणि ही बाई त्याच आठवड्यात उठून कार्ड काढून मोकळी! समोर प्लॅटफॉर्मवर नलूताई पदर खोचून, गाडी येते त्या बाजूला बघत उभ्या होत्या. एखाद्या बाईला हरवायला निघालेली बाई दिसते, तशाच दिसत होत्या. अप्पांना एकदम भरून आलं. अशी बायको आपल्या घरात आहे, हे कोणाला तरी ओरडून सांगावंसं त्यांना वाटलं.

गाडी आली. डब्यात एका गृहस्थांनी उठून नलूताईंना जागा दिली. अकराला अजून बराच अवकाश होता.

"आजींना कुठे घेऊन चाललात?" गृहस्थांनी सहज अप्पांना विचारलं.

अप्पांनी शर्ट खाली ओढून सारखा केला. चाळीत ऐकवायचा तो ठेवणीतला आवाज त्यांनी लावला, सगळ्या डब्याला जाईल असा.

"मी कुठला नेतोय हो हिला! ही नेतेय मला, स्वतःच्या कार्डावर. फायनल आहे हिची!"