ओला आहे तोवर

मनकर्णाबाई जलरंगात पक्षी काढायच्या आणि प्रत्येक पक्ष्यात कॉलनीतलं कोणी ना कोणी हटकून सापडायचं. मान वाकडी करून दुसऱ्याच्या घरात डोकावणारा कावळा म्हणजे सेक्रेटरी गजभिये, हे शेंबडं पोरही ओळखायचं. "चोच तरी लहान करा ना बाई," म्हणत गजभियेही हसायचे.

एक गोष्ट मात्र बाईंनी नवऱ्याला, रुपरावांनाही सांगितली नव्हती. ज्या दोघांचे पक्षी त्यांनी पंख उघडून उडते काढले, ते दोघंही महिन्याच्या आत गेले. पुढे दवाखान्यात पडून असलेल्या बोरकरबाईंच्या साळुंकीचेही पंख हातून उघडायला लागले, तेव्हा मनकर्णाबाईंनी रंग ओला आहे तोवर कापसाने तो उचलून घेतला. बोरकरबाई दवाखान्यातून चालत घरी आल्या. तेव्हापासून बाईंचे सगळे पक्षी फांदी घट्ट धरून बसलेले.

लग्नाच्या वाढदिवशी त्या बाजारातून आल्या, तर रुपराव कागद पाठीमागे लपवून उभे.

"साऱ्या दुनियेचे पाखरं काढून राहिली तू. तुहं कोणी काढलं का वं? मीनं काढलं! सारी जिंदगी घरात बसली, म्हणून तुले उडवलं."

कागदावर मैना होती. चोचीवर बाईंचाच चष्मा. पंख वाकडेतिकडे, पण पुरते उघडे.

पिशवी तिथेच टाकून बाई कापूस शोधायला धावल्या.

 

"आता काहाले पुसतं वं? कूलरपुढं धरून चांगला खडखडीत वाळवला ना मीनं!"