गाणगापूरचं वळं

चिंचेनं डाग निघत नव्हता. परसातल्या दगडावर बसून अन्नपूर्णा उजव्या हाताच्या बोटातलं चांदीचं वळं चोळत होती. चिंच झाली, राख झाली, लिंबाची साल झाली. वळं काळं ते काळंच. पाठ भरून आली होती आणि धुणं अजून तसंच पडलं होतं.

काढून नीट घासावं तर तीही सोय नव्हती. नरहररावांना, तिच्या मास्तर नवऱ्याला, क्षय निघाला तेव्हा सासूबाईंनी, सुमतीबाईंनी, गाणगापूरहून दोन वळी आणली. एक स्वतः घातलं, एक सुनेच्या बोटात घातलं. "नरहर उठून शाळेत जाईपर्यंत काढायचं न्हाई," म्हणाल्या. सुमतीबाईंचा शब्द घरात कुणी मोडत नसे. भालकी गावात एवढं सोवळंओवळं दुसऱ्या कुणाच्या घरी उरलं नव्हतं.

मागच्या भिंतीवरून शेजारची हलीमाबी डोकावली. तिच्याकडे तीन कोंबड्या होत्या.

"अंडे का काला है अक्का," ती हळूच म्हणाली. "इमली से नै जाता."

अन्नपूर्णानं हात पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंजेक्शनं द्यायची ती मी देतो, पण ह्यांच्या अंगात काही राहिलेलं नाही. रोज दोन अंडी पोटात गेली तर माणूस हाती लागेल. नरहररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मेलो तरी चालंल, ते नको." सुमतीबाई तर ताडकन उभ्याच राहिल्या. "डॉक्टर, आमच्या घरात त्याचं नाव काढू नका. ते उंबऱ्याच्या आत आलं तर मी ह्या घरातलं पाणी पिणार न्हाई."

त्याच आठवड्यात अन्नपूर्णा हलीमाबीच्या दारात उभी राहिली. दुसरं काही सुचलंच नाही तिला. हलीमाबी रोज एक अंडं उकडून भिंतीवरून द्यायची. दुसरं मागायची हिंमत झाली नाही. गोठ्यामागं सोलायचं, बोटांनी पार बारीक कुस्करायचं, मऊ भातात मेतकूट-तूप घालून कालवायचं. "मेतकूट जुनं झालंय गं," नवरा म्हणायचा आणि मुकाट्यानं खायचा. त्याला फसवताना तिला रडू यायचं. पण खोकल्याची उबळ आली की त्याच्या बरगड्या मोजता यायच्या, मग ती पुढचा घास करायची.

दुपारचं जेवण तेवढं तिच्याकडे होतं. संध्याकाळचा दूधभात सुमतीबाई स्वतः कालवायच्या, तोही स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन. "सांजचं माझ्या सोवळ्यात येऊ नको," अशी ताकीद होती. दुपारी त्या देवळात पुराणाला जायच्या. परत आल्या की पुन्हा डोक्यावरून आंघोळ, मग चूल. ह्या वयात दोनदा दोनदा आंघोळ कशाला, असं अन्नपूर्णाच्या ओठावर यायचं. पण सासूला विचारणार कोण.

डागावरचा उपाय शेवटी कोटात सापडला. नरहररावांचा शाळेचा कोट चार महिने खुंटीला होता. झटकताना खिशातून खडूचे पाच तुकडे निघाले. तिनं एक कुटला, भुकटी ओल्या फडक्यावर घेतली आणि बोटावर चोळली. वळं लख्ख झालं. मग ते रोजचंच काम झालं. आता दोन तुकडे उरले होते.

"एवढं कामून घासायलीस?" एक दिवस मागून आवाज आला. सुमतीबाई हात पदरात गुंडाळून उभ्या होत्या.

"काळं पडायलंय आत्याबाई. घामानं."

"घामानं," सुमतीबाई म्हणाल्या. बराच वेळ त्या तिच्या बोटाकडे बघत राहिल्या. नंतर आत गेल्या.

त्या दिवसापासून अन्नपूर्णा गोठ्यामागं जाऊन वळं घासू लागली.

गुरुवारी डॉक्टर आले. नरहररावांना काट्यावर उभं केलं आणि चष्मा पुसून पुन्हा आकडा बघितला. "साडेतीन किलो वाढलं मास्तर. खरं सांगू, मी आशा सोडली होती." निघताना ओसरीवर त्यांनी अन्नपूर्णाला बाजूला घेतलं. "दोन अंडी अशीच चालू ठेवा बाई. त्याशिवाय एवढं वजन येत नसतं."

एकच देते, हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. तिनं नुसती मान हलवली. वळली तर दारात सुमतीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अन्नपूर्णा, आत ये," त्या म्हणाल्या. "दार लाव."

स्वयंपाकघरात दूध तापत होतं. अन्नपूर्णानं दाराला कडी घातली. उद्याच्या उदगीरच्या मोटारीत बसवून माहेरी धाडतील, हे तिनं धरलंच होतं. जायला तिची तक्रार नव्हती. इतकी दमली होती की आईजवळ नुसतं पडून राहावंसं वाटत होतं. पण तिकडं गेल्यावर ह्यांना खाऊ घालणार कोण? चार दिवसांत माणूस परत अंथरुणाला चिकटायचा.

"आत्याबाई," ती खाली बघत म्हणाली, "मला खुशाल घालवा. पण अजून एक महिना राहू द्या. तेवढ्यात ते उठून बसतील."

सुमतीबाईंनी दूध उतरवून ठेवलं. दाराची कडी लागली आहे का ते बघितलं. मग पदरात गुंडाळलेला उजवा हात सावकाश बाहेर काढून सुनेपुढं धरला. बोटातलं वळं काळं ठिक्कर पडलं होतं.

"चिंचेनं निघत न्हाई गं माझं," त्या म्हणाल्या. "तू कशानं काढतीस?"