राहुकाळ सोडून

"सगळं झकास आहे, फक्त तपासणी राहुकाळात नको," माझं बोलणं संपताच सरपोतदार साहेब म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं.

आमच्या क्लाउडवर इस्पितळांनी ठेवलेले रुग्णांचे रिपोर्ट असतात. कोणी आत घुसलंय का, याची तपासणी कधी होणार हे ओळखता आलं, की चोर नेमक्या त्या वेळा चुकवून शिरतो. म्हणून वेळा कॉम्प्युटरनेच मनाला येईल तशा निवडायच्या, ही गेम थिअरी मी तासभर समजावत होते. परदेशात शिकून आलेल्या त्या डोक्यातून बाहेर काय पडलं, तर राहुकाळ!

"साहेब, राहुकाळ प्रत्येक कॅलेंडरात छापलेला असतो. चोराला आयता मुहूर्त मिळेल."

"अगं, चोर कुठे पंचांग बघतोय!" ते खो खो हसले. सही त्यांचीच लागते, म्हणून मी राहुकाळ वगळून टाकला.

गुरुवारी दुपारी दोनला सगळे रिपोर्ट चोरीला गेले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आता तरी ओशाळतील, असं वाटलं होतं.

ते कॅलेंडरवर बोट ठेवून उभे होते. "बघ, गुरुवारचा राहुकाळ, दीड ते तीन! तरी मी सांगत होतो, ती वेळच वाईट."