उसनी झोप

झुंबरने बटण दाबलं, पण ट्रक ढिम्म. ड्रायव्हरची झोप नीट झाल्याचं मनगटावरच्या पट्ट्याने कळवल्याशिवाय हल्ली कुठलाच ट्रक सुरू होत नसे. झोपेत झुंबरचा घसा मिटून श्वास अडायचा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या हवेच्या मास्कचा त्याला कंटाळा. म्हणून काल रात्री पट्टा त्याने बायकोच्या, शालनच्या मनगटावर बांधला होता. ती कधीच घोरत नसे.

"रात्रभर श्वास पुन्हापुन्हा थांबला," ट्रक म्हणाला. "उपचार घ्या."

पट्ट्याला शिव्या घालत तो घरात आला. शालन गॅसपुढे उभ्या उभ्या पेंगत होती, तव्यावर भाकरी करपत होती. ऐदी म्हणून तिच्यावर रोज खेकसणारा झुंबर आज दारातच थबकला.

त्याने गॅस बंद केला.

"चप्पल घाल," तो म्हणाला. "दवाखान्यात जाऊ. दोघंही."