राधा जागेवर बसते

“तुमची राधा सुधारली हो,” परुळेकर बाई म्हणाल्या.

मंजुळा चौथीच्या वर्गाच्या दारात उभी होती. मासळीची पाटी तिनं पायरीखालीच ठेवली होती, वर्गात वास नको म्हणून. फळ्यावर कोपऱ्यात तारीख होती, ७ डिसेंबर १९८४. शाळेचा निरोप आला तशी ती बाजार सोडून थेट इथं आली होती. दिवाळीआधी बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. पोरगी दोन मिनिटं एका जागी बसत नाही. वर्गभर भटकते, दुसऱ्यांच्या वह्या उलटसुलट करते, आणि शुद्धलेखन म्हटलं की भीतीनं ओकते. असंच चाललं तर तिला वर्गात ठेवता येणार नाही.

आणि आता हे. मंजुळाला खरंच वाटेना.

“महिना झाला, जागची उठत नाही,” बाई सांगत होत्या. “सगळ्यांच्या आधी येऊन बसते, सगळ्यांच्या नंतर निघते. केलंत तरी काय?”

“मी काय करनार, बाय? डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. मी एकवीरेला नारल बोलले.” मंजुळा हसली. “घरी कोलंबी सोलायला बसवली तर तास तास हलत नाय. शालेतच काय व्हतं, देव जाने.”

“शाळेत कोलंबी नसते ना,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. “एकच सांगायला बोलावलं. हल्ली हट्टीपणा करते. मी वर्गात आले की सगळे उभे राहतात, ही अर्धी उठते नि बसते. काल तर जागेवरच लघवी केली. विचारायला काय होतं? दार दहा पावलांवर आहे.”

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. पन्नास पोरं एका दमात बाहेर गेली. भिंतीकडच्या बाकावर राधा एकटीच उरली. बाईंनी तिला तिथं एकटीला बसवून दोन महिने झाले होते. तिचे हात बाकावर होते. उजवा गुडघा बाकाखाली सारखा उडत होता आणि त्यानं बाकावरची कंपासपेटी वाजत होती.

“बघा,” बाई म्हणाल्या. “आई आली तरी उठतेय का?”

“राधे, ये गो.”

राधानं नाही म्हणून मान हलवली. मंजुळाला बाईंसमोर लाजल्यासारखं झालं. ती तरातरा गेली, पोरीच्या दंडाला धरून उठवायला वाकली, आणि तिला बाकाखालचं दिसलं.

राधाचा डावा पाय बाकाच्या पायाला बांधलेला होता. जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोरीनं, घोट्याच्या जरा वर, करकचून. तिथली कातडी सोलवटून काळी पडली होती. चप्पल चावली, असं ती घरी म्हणाली होती.

मंजुळा गर्रकन बाईंकडे वळली.

“पोरीला बांदलंस? गुरासारकी? याच्यासाठी ठेवलंय तुला हितं?”

बाई वाकल्या, आणि त्यांनी बाक घट्ट धरला. “देवाशपथ, मी नाही. मला माहीतच नव्हतं.” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. राधा बघा कशी बसते, असं महिनाभर त्याच सगळ्या वर्गाला सांगत होत्या.

“मंग कोनी?”

मंजुळा खाली बसली. गाठ सोडायला तिनं हात घातला आणि तो तिथंच थांबला.

दोन वेढे, एक आडवा फेरा, शेवट आत खोचलेला. ओढावं तितकी आवळत जाणारी. ही तिची स्वतःची गाठ होती. राधा चालायला लागली तेव्हा, बोंबील वाळत घालताना, ती पोरीचा पाय असाच बांबूला बांधायची. समुद्र वीस पावलांवर. पोर पाण्यात जाऊ नये म्हणून कोळीवाड्यातल्या सगळ्याच बाया बांधतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. माझी गाठ कधी सुटली नाय, असं मंजुळा चारचौघींत अभिमानानं सांगायची. राधा शेजारी बसून ऐकायची.

“मीच बांदला,” राधा म्हणाली. आईचीच समजूत काढावी तशी ती हळू बोलत होती. “पाय आपोआप उठतो, आये. मना कलतच नाय. तो उठला की बाई माजं नाव काडतील. मंग मी खय जाऊ?”

मंजुळाला गाठ सुटेना. ती ओढत गेली तशी ती आणखीच आवळली.

“आसं नाय. आदी हितून ढिली करायची.” राधानं दोन बोटांनी ती सोडली. रोजची सवय होती.

बाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. मग त्या उठल्या, टेबलावरचं डस्टर आणलं आणि राधापुढे धरलं.

“फळा पूस. उद्यापासून दर तासाला तूच पुसायचा. मधेच उठावंसं वाटलं तर मधेच पुसायचा. मी लिहीत असले तरी चालेल.”

राधानं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. “आता उठू?”

“ऊठ.”

राधानं आधी निळ्या दोरीची नीट गुंडाळी केली आणि कंपासपेटी उघडली. खोडरबराशेजारी दुसरी एक दोरी होती, पहिलीहून जाड.

“ही कसली गं?” बाईंनी विचारलं.

“परीक्षेची,” राधा म्हणाली. तिनं पेटीचं झाकण लावलं, डस्टर घेतलं आणि फळ्याकडे पळाली.